आत एक, बाहेर एक

थुरिंगियाच्या जंगलात झूल नावाचं गाव आहे.
अंगावर झूल म्हणाल तर धुक्याची,
आणि तीही एप्रिलपर्यंत उतरत नाही.

ओढ्याकाठच्या शेडमध्ये केर्स्टिन
सकाळी साडेसहाला लेथ सुरू करते
आणि चकमध्ये काहीही न धरता
अर्धा तास नुसता फिरू देते.
यंत्राला आधी ऊब येऊ द्यावी.
ओट्टोमारनं शिकवलेलं हे पहिलं.
दुसरं शिकवायला त्यानं दोन वर्षं घेतली:

नळी बाहेरून गोल असते, चकचकीत,
चारचौघांत शहाण्यासारखी उभी.
तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही.
आतलं भोक आपल्या वाटेनं गेलेलं असतं,
केसभर इकडे, अर्धा केस तिकडे,
रस्ता सांगणाराच नवखा निघावा तसं.
बाहेरचं सोड.
भोकाला विचार, बाबा, तुझं मधोमध कुठे?

आता ती डायलचा लांब दांडा आत सोडते
आणि चक हातानं फिरवते.
काटा उड्या मारतो:
खाच, कंगोरा, खाच, कंगोरा.
चार स्क्रू. एक सैल केला की समोरचा आवळायचा.
काटा ऐकतो, मग ऐकत नाही,
मग रुसलेल्या पोरासारखा
दुसऱ्याच आकड्यावर जाऊन बसतो.
कॉफी गार होते.
रेडिओवर ओबरहोफचा बर्फ किती सेंटिमीटर ते सांगतात.
अकराच्या सुमाराला
काटा आणि ती, दोघंही
एकदम हलायचे थांबतात.

एकोणीस वर्षांची असताना
तिला इतका वेळ नव्हता.
मोठा कारखाना बंद पडत होता,
फाटकाबाहेर बायका ओळखपत्रं घेऊन उभ्या होत्या,
त्यांत तिची आई.
तिनं त्या दिवशी नळी डोळ्यानंच मधोमध धरली
आणि काडतुसाचं घर खोदलं.
ओट्टोमार ओरडला नाही.
त्यानं ती नळी करवतीनं उभी चिरली.
भोक एका रेषेत, घर दुसऱ्या,
एकाच छपराखाली अबोला धरलेले दोघे.
एक फाक तिला दिली.
दुसरी त्याच्या बागेत टोमॅटोला टेकू आहे, अजून.

रीमर आवळून धरायचा नसतो.
दांडा किंचित सैल, हातात असून नसल्यासारखा,
म्हणजे भोकाच्या मागोमाग तोच जातो.
थोडं आत. बाहेर. किस पुसून टाक. तेल.
पुन्हा थोडं आत.
इथे शौर्याचं काही काम नाही.
मग बोल्ट लावून पाहायचा:
एका मापावर मिटला पाहिजे,
दुसऱ्यावर मिटता कामा नये.
दोन्हींमधलं अंतर बोटाला कळत नाही,
सगळी अक्कल त्यात मावते.

शनिवारी मुलगी आली, ओबरहोफची,
गालांवर वाऱ्यानं उललेली कातडी,
रायफल पाठीवर दप्तरासारखी.
आत काय केलंय हे तिनं विचारलं नाही.
कुणीच विचारत नाही.
पाच गोळ्या, पाच काळी वर्तुळं पांढरी.
केर्स्टिन लक्ष्याकडे बघत नव्हती,
बर्फात उडालेली पुंगळी शोधत होती
हातमोजा काढून.

वृद्धाश्रमाच्या खोलीत ओट्टोमारचा उजवा हात
झटक्यानंतर थांबत नाही,
लेथ बंद करायला विसरल्यासारखा.
तिनं पुंगळी त्याच्या डाव्या तळव्यावर ठेवली.
त्यानं ती खिडकीच्या उजेडात धरली,
अंगठ्यानं फिरवली,
एकदा, दोनदा,
मग तोंडाशी नेऊन ओठानं चाचपली.

बराच वेळ गेला.
नर्स गोळ्या ठेवून गेली.

"गोल आहे," तो म्हणाला.
आणि मग, जड जिभेनं, एकेक अक्षर उचलत:
"शेवटी तेल कमी पडलं होतं तुझं."

पडलं होतं.